कड राखणारी माणसं

पडद्यावर एका माणसाचा उजवा हात आहे. पांढऱ्या सदऱ्याची बाही, मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ, मुठीत अक्षता. हात वर जातो, क्षणभर थांबतो, बोटं उघडतात. तीन सेकंदांत सगळं संपतं. त्या तीन सेकंदांपाशी नगरच्या सावेडीतले एक मिक्सिंगवाले सकाळपासून बसले होते आणि मी त्यांच्या शेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीवर.

संपादकांनी यंदा विषय दिला ‘न दिसणारी कामं’. मला आधी शिंपी आठवले, मग टाकीवाले, मग रात्री रस्ता झाडणाऱ्या बायका. शेवटी मनात राहिलं ते लग्नाच्या व्हिडिओतलं एक काम. ते चांगलं झालं तर कुणाला कळतही नाही आणि बिघडलं तर सगळ्या भावकीला दिसतं. त्याला म्हणतात मास्किंग.

नगरकडे लग्नाच्या व्हिडिओच्या संपादनाला अजूनही ‘मिक्सिंग’च म्हणतात. दोन व्हीसीआर आणि मधे एक मिक्सर, अशा मांडणीवर कॅसेट जुळवायचे दिवस केव्हाच गेले, शब्द मात्र टिकला. माझ्या शेजारच्या दादांनी तो काळ पाहिलाय. पंधराव्या वर्षी ते हॅलोजन धरायला लग्नात जायचे. आता पन्नाशीकडे झुकलेत. खोली दहा बाय बाराची, खिडकीला जाड पडदा, टेबलावर दोन मॉनिटर आणि फळीवर हार्ड डिस्क ओळीने उभ्या. प्रत्येकीवर स्केचपेननं वरपक्षाचं आडनाव. भाद्रपद चालू होता. चातुर्मासात मुहूर्त नसतात, त्यामुळे उन्हाळ्यात साचलेली लग्नं याच दिवसांत हातावेगळी होतात. तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा कॅमेरे बाहेर पडतात.

रांगोळीचा छाप

मास्क म्हणजे मुखवटा, असं शब्दकोश सांगेल. या खोलीत तो अर्थ कामाला येत नाही. त्यापेक्षा दिवाळीत दारात वापरतो तो रांगोळीचा छाप डोळ्यांपुढे आणा. जिथे भोकं आहेत तिथून रंग खाली उतरतो, बाकी जमीन कोरी राहते. व्हिडिओत हा छाप काळ्या-पांढऱ्या रंगाचा असतो. पांढऱ्या जागी वरच्या थरातलं चित्र दिसतं, काळ्या जागी ते लपतं आणि खालचं चित्र वर येतं. करड्या जागी दोन्ही थोडंथोडं. साध्या आठ बिटच्या चित्रात काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ हा आकडा असतो आणि दोहोंच्या मधल्या पायऱ्यांवर चित्र हळूहळू विरतं किंवा उमलतं.

हा छाप स्थिर असेल तर काम सोपं. फोटोभोवती बदामाचा आकार द्यायचा, झालं. पण लोकांना हलता छाप हवा असतो. शाईचा थेंब पाण्यात पसरावा तसा नवरीचा चेहरा उमटला पाहिजे, ब्रशचे फटकारे मारत लग्नाआधीच्या शूटिंगमधलं भंडारदऱ्याचं पाणी दिसलं पाहिजे. अशा शाईच्या नि फटकाऱ्यांच्या तयार क्लिपा मिळतात. ती क्लिप स्वतः कधीच कुणाला दिसत नाही, तिच्यातून दुसरं काहीतरी दिसतं.

तयार क्लिपा घातल्या की काम झालं, असं मला वाटत होतं. दादांनी एक लावून दाखवली. चेहरा उमटला खरा, पण तो उमटण्याआधीच त्याची पुसट सावली पडद्यावर होती, ओल्या भिंतीत जुना रंग दिसावा तशी. ‘काळं पुरतं काळं नाहीये,’ ते म्हणाले. व्हिडिओच्या एका रूढ मोजणीत काळा रंग ० वर नसतो, १६ वर असतो. मोजणी जुळली नाही की प्रोग्रॅम त्याला फार गडद करडा समजतो आणि त्यातून वरच्या थरातलं चित्र पाझरतं. त्यांनी लेव्हल्सची सरकपट्टी थोडी ओढली, १६ चं ० केलं, सावली गेली. मग पाच सेकंदांनी चेहराच नाहीसा झाला. छापाची क्लिप पाच सेकंदांची होती आणि फोटो आठ सेकंदांचा. शेवटची पांढरी फ्रेम धरून ठेवावी लागते. शिवाय क्लिप सेकंदाला तीस फ्रेमची आणि आपलं काम पंचवीसचं असेल तर शाई अडखळत पसरते. आडव्या पडद्यासाठी केलेला गोल उभ्या मोबाइलसाठी ताणला तर त्याचं अंडं होतं. व्हॉट्सॲप स्टेटसच्या जमान्यात हे अंडं रोज समोर येतं.

२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हा पत्रिकेच्या शैलीतली टायटलंही बदलावी लागली. नव्या नावाला जागा जास्त लागते. अक्षरांवरून चमक सरकवणारा मास्क ‘ल्या’पाशी संपायचा आणि ‘नगर’ अंधारात राहायचं.

दोन खिळे आणि मधली दोरी

गवंडी भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकतो, मधे दोरी ताणतो आणि तिच्या आधारानं विटा लावतो. की-फ्रेम म्हणजे हे खिळे. पहिल्या फ्रेमवर मास्क इथे, पन्नासाव्या फ्रेमवर तिथे, एवढंच माणूस सांगतो. मधल्या अठ्ठेचाळीस जागा प्रोग्रॅम भरतो. तो त्या सरळ दोरीनं भरतो आणि अडचण नेमकी तिथेच आहे, कारण जगात फारसं काही सरळ दोरीनं हलत नाही. बैलगाडी एकदम पळत नाही आणि एकदम थांबतही नाही. म्हणून दोरीला वाक द्यायचा. सुरुवात सावकाश, मधे वेग, शेवटी पुन्हा सावकाश.

याचं उत्तम उदाहरण लग्नातच असतं. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट खाली येतो आणि समोरचा चेहरा दिसतो. अनेक कुटुंबांना व्हिडिओत हा क्षण असा हवा असतो की कापड उतरता उतरता त्याच्या मागून बालपणीचा फोटो किंवा भंडारदऱ्याचं दृश्य उघडावं. म्हणजे अंतरपाटाच्या वरच्या कडेलाच मास्कची रेघ बांधायची. दादांनी एका लग्नातली ती जागा फ्रेमफ्रेमनं पुढे नेली. कापड धरणारे दोन मामा, एक उंच आणि एक बुटका. उंच मामांनी टोक लगेच सोडलं, बुटके वाजंत्रीकडे बघत राहिले. कापड तिरकं झालं, मधे झोळ पडला, वाऱ्यानं एक टोक उलटलं. सरळ रेघेचा मास्क तिथे पुरत नाही. रेघेवर सात बिंदू, प्रत्येकाला वाक देणारे दोन कान आणि कापड जिथे दिशा बदलतं तिथे की-फ्रेम. नवखा मुलगा दर पाच फ्रेमनं खिळा ठोकत जातो, म्हणून त्याची कड थरथरते. जाणता आधी हालचाल दहादा बघतो, ती कुठे वळते ते शोधतो आणि तेवढ्याच जागी खिळा ठोकतो. मग दोन खिळ्यांच्या बरोबर मधे जाऊन बघतो. तिथे कड सुटली असेल तरच तिसरा.

‘खिळे जितके कमी, तितकी हालचाल खरी,’ हे वाक्य दादांनी मला दोनदा ऐकवलं. पुढच्या दोन दिवसांत त्याचा अर्थ कळत गेला.

अक्षता टाकणारा हात

आता पुन्हा त्या हाताकडे येते.

पाथर्डी तालुक्यातलं कुटुंब. घरच्यांच्या इच्छेवरून गावाचं नाव देत नाही. वडील शाळामास्तर होते, २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. धाकट्या मुलीचं लग्न यंदा वैशाखात झालं. मोठ्या मुलाचं लग्न २०१८ मध्ये याच दादांनी शूट केलं होतं आणि त्या डिस्कमध्ये वडील अक्षता टाकतानाचं दृश्य होतं. मुलीच्या आईनं विचारलं, तो हात हिच्या डोक्यावर आणता येईल का. चेहरा नको, फक्त हात.

फोटो आणून कोपऱ्यात बसवणं, भोवती प्रकाशाचं वलय देणं नगरमध्ये नेहमी चालतं. त्यात सफाई नसली तरी चालते, कारण तो फोटोच आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. हलता हात वेगळा. तो खरा वाटला नाही तर भीतिदायक दिसतो.

तीन सेकंद म्हणजे पंच्याहत्तर फ्रेम. पहिली अडचण जुन्या कॅमेऱ्याची. तो आडव्या रेषा आळीपाळीनं नोंदवायचा, एकदा विषम आणि एकदा सम. हात भराभर हलला की दोन नोंदी जुळत नाहीत आणि बोटांच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. आधी ते दात काढून घेतले. मग मास्क. मला वाटलं होतं, हाताभोवती एकच रेघ काढतील. त्यांनी आठ काढल्या. बाहीची वेगळी, मनगट आणि घड्याळाची वेगळी, तळव्याची वेगळी, पाच बोटांच्या पाच. ‘एकाच रेघेत घेतलं तर बोट मिटताना बिंदू घसरतात. अंगठ्याचा बिंदू करंगळीवर जातो. सांधा जिथे वाकतो तिथे मास्क तोडायचा.’

दुसऱ्या दिवशी कड मऊ करण्याचं काम होतं. त्याला इथे सगळे ‘फेदर’ म्हणतात. कडेला पांढऱ्यातून एकदम काळ्यात उडी मारली तर हात कात्रीनं कापून डकवल्यासारखा दिसतो, म्हणून दोनचार पिक्सेलांची करडी पट्टी ठेवायची. पण किती? मनगट जवळजवळ स्थिर आहे, त्याची कड रेखीव आहे. बोटं अक्षता सोडताना झपकन उघडतात आणि कॅमेऱ्याची झडप बंद होईपर्यंत ती सरकलेली असतात, म्हणून चित्रात ती मुळातच फरफटलेली. म्हणजे एकाच हाताला, एकाच क्षणी, दोन ठिकाणी दोन मापांचं फेदर. आणि पुढच्या क्षणी हात थांबला की बोटांचं फेदर पुन्हा कमी. आकाराला की-फ्रेम लागतो तसा मऊपणालाही लागतो. हे मला नवीन होतं. ते कळल्यावर मी घरी येऊन माझ्या भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि त्यातली प्रत्येक कापलेली कड मला दिसू लागली.

मग प्रकाश. जुना हॉल पिवळ्या हॅलोजनचा, नवा पांढऱ्या एलईडीचा. हात नव्या चित्रात ठेवला की कडेभोवती पिवळी किनार उरते, जुन्या हॉलची भिंत बाहीला चिकटून आल्यासारखी. त्यावर इलाज म्हणजे सगळा मास्क दीड पिक्सेल आत ओढायचा. दोन पिक्सेल ओढला तर करंगळी बारीक होते. दादांनी ओढून दाखवला आणि लगेच मागे घेतला.

अक्षतांचं काय? एकेका दाण्याला मास्क करता येत नाही. त्यांनी जुने दाणे सोडून दिले. मूठ उघडण्याच्या जागेपर्यंतचाच हात घेतला आणि दाणे नव्या लग्नातले ठेवले, मुलीच्या डोक्यावर खरोखर पडलेले. दुसऱ्या कुणाच्या तरी हातातून सुटलेल्या अक्षता आता वडिलांच्या बोटांतून पडत होत्या. त्या दोन हालचाली जुळवायला हात चार फ्रेम मागे सरकवावा लागला.

हे खोटं आहे का, असं मी त्यांना विचारलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. ‘ताई, घरात सगळ्यांना माहितेय ना. मग खोटं कुणाशी?’ मला ते पटतं. पण त्याच टेबलावर दुसरंही काम येतं. घटस्फोट झाल्यावर जुन्या लग्नातल्या व्हिडिओतून सून काढून टाका, म्हणून लोक येतात. तिच्याभोवती मास्क, मागे भिंतीचा तुकडा, की सून नाहीशी. अशी कामं ते करतात, पोटासाठी करावी लागतात, पण मूळ डेटा पुसत नाहीत. फळीवरच्या काही डिस्क त्याच मूळ डेटाच्या आहेत. मला ही कामं अस्वस्थ करतात. पहिल्या कामात घरातल्या सगळ्यांना एक माणूस हवा होता. दुसऱ्यात जिचा हात, जिचा चेहरा, तिलाच कुणी विचारलेलं नसतं.

नेवाशाचा खांब, शिर्डीची ज्योत

या जिल्ह्याला चमत्काराची चित्रं नवी नाहीत. नेवाशात ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असं मानतात, तो पैस खांब अजून आहे. १९४० मध्ये दामले-फत्तेलाल यांनी प्रभातसाठी ‘संत ज्ञानेश्वर’ केला आणि भिंत चालवण्याचा प्रसंग पडद्यावर आणला. त्याच्या चार वर्षं आधीच्या ‘संत तुकाराम’मध्ये वैकुंठाचं विमान उडालं. तेव्हा मास्क म्हणजे खरोखरची वस्तू होती. मूकपटांच्या काळापासूनची पद्धत अशी: लेन्सपुढे काळा पुठ्ठा धरून चौकटीचा भाग झाकायचा, उघड्या भागाचं चित्रण करायचं, फिल्म मागे गुंडाळायची, मग झाकलेला भाग उघडून दुसरं चित्रण करायचं. पुठ्ठा केसभर हलला तर मधे काळी फट किंवा पांढरी रेघ. चूक झाली की सगळं रीळ वाया. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी जादूचे प्रयोग करायचे. आपलं नाव उलटं करून ते ‘प्रोफेसर केळफा’ झाले होते. काय झाकायचं आणि कधी उघडायचं, हा जादूगाराचा पाया त्यांना आधीच पक्का होता.

हलत्या आकाराभोवती फ्रेमफ्रेमनं रेघ काढण्याचं यंत्र अमेरिकेत मॅक्स फ्लायशर यांनी केलं, त्याचं पेटंट १९१७ चं. चित्रित फिल्म काचेवर मागून पाडायची आणि पुढून गिरवायची. विदूषकाच्या कपड्यातला त्यांचा भाऊ असा गिरवला गेला. दादा माउसनं जे करतात ते हेच आहे. त्यांना मी फ्लायशरचं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘एका मिनिटाला किती दिवस लागायचे?’

आणि शिर्डी. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये साईबाबांच्या मूर्तीच्या डोळ्यांतून दोन ज्योती निघतात आणि निरुपा रॉय यांच्या डोळ्यांत शिरतात, आंधळ्या आईला दिसायला लागतं. त्या ज्योतींनी नगर जिल्ह्यातल्या किती मिक्सिंगवाल्यांना या धंद्यात ओढलं असेल. दादांनी संगणकावर केलेलं पहिलं मास्किंग तेच होतं. एका जत्रेच्या व्हिडिओत देवीच्या डोळ्यांतून निघणारा प्रकाश. तो आज बघवत नाही म्हणतात, पण फाइल ठेवलीय.

या मातीतून दिग्दर्शक निघाले. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकले, श्रीगोंदा तालुक्यातल्या गव्हाणेवाडीच्या भाऊराव कऱ्हाडेंनी ‘ख्वाडा’ केला. त्यांची नावं पोस्टरवर आली. लग्नाच्या व्हिडिओला पोस्टर नसतं. शेवटी स्टुडिओचं नाव आणि मोबाइल नंबर येतो, तोही बहुतेक वेळा शूटिंगवाल्याचा.

मुंडावळ्यांपाशी अडलेलं यंत्र

खोलीत एक विशीचा मुलगा मदतीला असतो. तो हे सगळं ऐकून घेतो आणि एका क्लिकमध्ये नवरा उचलून दाखवतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये रोटो ब्रश २०१० साली आला, दा विंची रिझॉल्व्हमध्ये मॅजिक मास्क २०२० साली. माणसावर रेघ ओढली की प्रोग्रॅम कड स्वतः शोधतो आणि पुढच्या फ्रेमांत तिच्या मागे जातो. काम खरोखर हलकं झालंय. सुटाबुटातला माणूस मोकळ्या मैदानात चालत असेल तर जवळजवळ चूक नाही.

मग त्यानं लग्नातला नवरा घेतला. कपाळापासून दोन्ही बाजूंनी मुंडावळ्या लोंबताहेत. डोकं हललं की त्या डोक्यामागून, स्वतःच्या झोक्यानं हलतात. एका फ्रेममध्ये यंत्रानं त्यांना नवऱ्यात धरलं, पुढच्या फ्रेममध्ये मागच्या फुलांच्या सजावटीत टाकलं. लावून बघितलं तर मोत्यांच्या सरी विजेच्या माळेसारख्या पेटत-विझत होत्या. नवरी घेतली तर नथीचा मोती गालात विरला. शेल्याची जर चमकली की कडेला खळगा पडला. कडा अशा खदखदायला लागल्या की इथे म्हणतात, ‘मास्क उकळतोय.’

मुलानं नवऱ्याचा मास्क यंत्राकडेच ठेवला आणि मुंडावळ्यांसाठी दोन वेगळे, हातानं. प्रत्येक सर म्हणजे एक लंबक. झोक्याच्या दोन टोकांना खिळे आणि मधे वाक दिलेली दोरी. अर्ध्या तासात बसलं. दादांनी काही म्हटलं नाही, नुसता चहा सांगितला. त्या पोराला काम येतं, हे मला त्यावरून कळलं.

करंजी घाटापलीकडे

पितृपंधरवड्यात पेन ड्राइव्ह द्यायचा नाही, असं दादांनी ठरवलं होतं, म्हणून घटस्थापनेनंतर आम्ही पाथर्डीकडे निघालो. करंजी घाट चढताना दोन्ही बाजूंना डोंगर हिरवे होते. या भागातली कितीतरी कुटुंबं दसऱ्यानंतर ऊसतोडीला बाहेर पडतात. वाटेत एका वस्तीवर ट्रॅक्टरची ट्रॉली धुणं चाललं होतं.

घरात आई, मोठा मुलगा, सून आणि माहेरी आलेली धाकटी. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं. मग तो हात आला. वर गेला, बोटं उघडली, मुलीच्या केसांवर दाणे पडले. मुलगी उठून आत गेली. आईनं ‘परत लावा’ म्हटलं. परत लावलं. आणखी एकदा.

मुलाच्या मनगटावर तेच स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ होतं.

‘छान बसवलाय,’ आई म्हणाल्या. मग थांबून, ‘पण हात लवकर खाली येतोय दादा. त्यांचं असं नव्हतं. पोरांच्या डोक्यावर हात ठेवला की ते जरा वेळ तसाच धरायचे. मोठ्याच्या लग्नात मागून कुणीतरी ढकलत होतं, म्हणून घाईत काढला त्यांनी.’

दादांनी जुनी क्लिप पुन्हा पाहिली, मोबाइलवर. खरंच, फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात कुणाचा तरी खांदा आत घुसत होता.

‘करतो मावशी,’ ते म्हणाले.

परतल्यावर त्यांनी प्रोजेक्ट उघडला. हात थांबतो ती फ्रेम गोठवून धरता आली असती, पण गोठवलेला हात लगेच कळतो, त्यातला जुन्या कॅमेऱ्याचा बारीक कणही थिजतो. म्हणून त्यांनी तेवढा तुकडा मंद केला. पंधरा फ्रेमच्या जागी तीस. मंद केल्यावर हात लांबला, आठही मास्क मात्र जुन्याच वेळेवर निघून गेले आणि घड्याळ हाताबाहेर हवेत राहिलं. त्यांनी चष्मा पुसला, बाहीचा थांब्यानंतरचा पहिला की-फ्रेम उचलला, पंधरा फ्रेम पुढे नेऊन ठेवला आणि मग मनगटाच्या मास्कला हात घातला.